हॉलमधला दर्या

आमच्या हॉलचा रंग गेली अठरा वर्षं मळखाऊ होता. रंगाच्या डब्यावर त्याचं नाव वेगळं असणार, बहुधा बिस्किटाशी किंवा सूर्यास्ताशी नातं सांगणारं; पण आमच्या घराण्यात रंगांच्या दोनच जाती मानतात, मळखाऊ आणि बिनकामाचे. पडद्याचं कापड असो, माझी शाळेची चड्डी असो की लग्नातला सफारी, आई कापड दोन बोटांत धरायची, उजेडाकडे न्यायची आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारायची, "मळखाऊ असा मा?" तो हो म्हणाला की विषय संपला. मग तो रंग तपकिरी आहे, शेवाळी आहे, की त्याला कुठल्याच भाषेत नाव नाही, याची चौकशी कोणी करत नसे. माणूस मळणार हे ठरलेलंच. ते चारचौघांत दिसू नये एवढीच अपेक्षा.

गेल्या दिवाळीआधी मुलगी या हॉलच्या मधोमध उभी राहिली. महापालिकेचा इंजिनिअर धोकादायक वाड्यावर फिरवतो तशी नजर तिने चारी भिंतींवर फिरवली आणि म्हणाली, "बाबा, आपण हॉल कोस्टल करू या. रिलॅक्स्ड, न्यूट्रल कोस्टल."

मला भरूनच आलं. तीस वर्षं पुण्यात काढली, कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर संसार केला, पोरीने समुद्र पाहिला तो मे महिन्याच्या सुट्टीपुरता. पण शेवटी मालवणचं रक्त बोललंच. मी म्हटलं, "अगं, मग खर्च कशाला? पुढच्या महिन्यात गावी जाऊन माळ्यावरचं सामान उतरवू. आजोबांचा पाग आहे, वल्हं आहे, दोन कंदील आहेत."

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "कोस्टल म्हणजे कोकण नाही."

शाळेत महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं पाठ केलं होतं. त्यातला निदान शंभर पावलांचा तुकडा तरी आपल्या घरामागचा, अशी माझी समजूत होती. आता कळलं की तो किनारा असेल, पण कोस्टल नाही. कोस्टल व्हायचं तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला, हॅम्प्टन्स म्हणतात त्या गावांत असावं लागतं. तिथे पैसेवाल्या न्यूयॉर्ककरांची उन्हाळी घरं असतात. माझं शिक्षण पूर्ण व्हावं म्हणून मुलीने मला एक सिनेमा दाखवला, २००३ सालचा, नॅन्सी मायर्स बाईंचा 'समथिंग्ज गॉटा गिव्ह'. त्यात डायन कीटन नाटककार आहे, जॅक निकल्सनला तिच्या घरात हृदयविकाराचा झटका येतो, पुढे प्रेमबिम होतं. पण मुलीने मला प्रेम बघू दिलंच नाही. दर दोन मिनिटांनी ती चित्र थांबवायची आणि म्हणायची, "निकल्सनकडे नको बघू, मागे सोफा बघ."

सोफे पांढरे. भिंती पांढऱ्या. गालिचा वाळूच्या रंगाचा. टेबलावर पांढरी फुलं. निकल्सनचा सदरा सोडला तर डाग पडेल असं त्या घरात काही नव्हतं, कारण डाग पाडणारं कोणी नव्हतं. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मुलीनेच उत्साहाने सांगितलं की हे आतलं घर म्हणजे स्टुडिओत उभारलेला सेट होता. म्हणजे ज्या समुद्राकाठच्या दिवाणखान्याची वीस वर्षं जगभर नक्कल चालली आहे, त्याच्या खिडकीबाहेर समुद्रच नव्हता. हे ऐकून मला धीर आला. आमच्याही खिडकीबाहेर नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे. आमच्या खिडकीतून पाणी दिसतं ते फक्त टँकर आला तर.

आता या हॅम्प्टन्सवाल्यांवर अन्याय नको. त्यांच्याकडे हे रंग आकाशातून पडलेले नाहीत. तिथल्या घरांना बाहेरून देवदाराच्या फळकुटांचं आवरण असतं. ते खाऱ्या वाऱ्याने दोन-चार वर्षांत आपोआप राखाडी पडतं. वाळू फिकट, धुकं फिकट, वर्षातले बरेच महिने उजेडही फिकट. घर उन्हाळ्यापुरतं उघडायचं म्हणून खुर्च्या-सोफ्यांना धुता येतील अशा सुती खोळी. जे दारात आहे तेच घरात आलं. त्याच न्यायाने आमच्याकडेही आलंय की! आमच्या दारात जांभा. भिंत जांभ्याची, वाट जांभ्याची, धूळ जांभ्याची. पांढरं धोतर नेसून गावी गेलेला माणूस चार दिवसांत भगवा होऊन परततो, संन्यास न घेता. वर मंगलोरी कौलं तांबडी, खाली शेणाने सारवलेली जमीन हिरवट काळी. गणपती आला की देवाच्या भिंतीवर मोर, कमळं, वेलबुट्ट्या. आणि रंग असे की गणपती आधी दिसत नाही, भिंतच दिसते. बंदरावर जाऊन होड्या बघा. निळीच्या पोटावर पिवळा पट्टा, तांबडी कड, नाळेवर देवीचं नाव हिरव्यात. लाटांत दुरून ओळखू यायला नको? ओटमील रंगाची होडी घेऊन कोणी खोल समुद्रात गेला तर त्याला शोधायला निघालेले लोक त्याच्यावरूनच निघून जातील.

आणि समुद्राकडे बघत बसणं ही कल्पनाच मुळात पाहुण्यांची. आमच्या गावातल्या जुन्या घरांनी समुद्राकडे सरळ पाठ केलेली आहे. कारण साधं आहे. दार पूर्वेला असावं हा शास्त्रार्थ; आमचा समुद्र पश्चिमेला. शिवाय पाऊस आणि वारा त्याच अंगाने झोडपतात, म्हणून मिरगाच्या आधी माडाच्या चुडतांची झापं विणून ती बाजू पार झाकून टाकायची. घरातून समुद्र दिसत नसे, नुसता ऐकू यायचा, शेजारच्या घरातल्या भांडणासारखा. त्याचं काम असलं तर माणसं मागच्या दाराने त्याच्याकडे जात, आणि पहाटे जाणाऱ्यांचं काम सुशोभीकरणाचं नसे. पुढे शहरात आल्यावर कळलं की समुद्र दिसतो म्हणून लोक फ्लॅटचे दीडपट पैसे मोजतात. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, "आणि तो दिसू नये म्हणून किती घेतत?"

समुद्राशेजारी राहणं म्हणजे सादळणं. पापड सादळतात, काडेपेटी सादळते, मिठाच्या बरणीत पाणी होतं, पावसाळ्यात आलेलं पत्र लिफाफ्यासकट एकजीव होतं. पंख्याची पाती, गेटाच्या सळ्या, फ्रिजची पाठ, सगळ्याला गंज. दरवर्षी रेडऑक्साइडचा हात मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. न्यूट्रल कोस्टलमध्ये हे काही नसतं. त्यात समुद्र असतो. पण मीठ नाही, गंज नाही, बुरशी नाही, वास नाही. डॉक्टरने पथ्यावर ठेवलेला समुद्र.

मुलीला हे मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मोबाइलवर मला 'कोस्टल ग्रँडमदर' दाखवली. २०२२ साली टिकटॉकवर एका अमेरिकन मुलीने हा शब्द काढला म्हणे. आपल्याकडे टिकटॉक २०२० सालीच बंद झालं होतं, तरी ही आजी पोचलीच. आजींना कोण अडवणार? ही किनारपट्टीची आजी चुरगळलेला पांढरा लिननचा सदरा घालते, डोक्यावर गवताची टोपी, हातात वेताची परडी. सकाळी अनवाणी वाळूत फेरी मारते, दुपारी फुलांची मांडणी करते, संध्याकाळी पांढऱ्या वाइनचा पेला घेऊन क्षितिजाकडे बघते.

आमच्या घरातही किनारपट्टीची आजी आहे. वय चौऱ्याऐंशी. ती अजून गावीच असते आणि पुण्याला यायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखतात. तीही सकाळी अनवाणीच फेरी मारते. रात्रीत माडाची झावळी पडली असेल तर शेजाऱ्यांच्या आधी ती आपल्या खळ्यात ओढून आणायची असते. दुपारी सुकट वाळत घालून हातात काठी घेऊन कावळ्यांशी बोलते. ते बोलणं छापता येणार नाही. संध्याकाळी क्षितिजाकडे तीही बघते, पण तिला उद्या मासळी येणार की नाही एवढंच बघायचं असतं. परडी आहे, टोपी नाही, वाइन तर नाहीच. पण आगळाचा वास घेऊन तो कुठल्या वर्षीचा हे ती सांगू शकते. हिचा व्हिडिओ कोणी काढला नाही, कारण काढायला गेलेल्याला तिने आधी नारळ सोलायला बसवलं असतं.

मग डेकोरेटर बाई आल्या. वयाने मुलीएवढ्याच, पण हातात टॅब असल्यामुळे मी आपोआप अहोजाहो केलं. मी तयारीने बसलो होतो. माझ्याकडे मालवणहून आणलेलं छोटं जहाज होतं, शंखांचा गणपती होता, नांगराच्या आकाराची किल्ल्यांची अडकवणी होती. बाईंनी तिन्ही वस्तूंकडे पाहून अशा चेहऱ्याने स्मित केलं, जसं मुंजीत मुलगा चुकीचा श्लोक म्हणाला की भटजी करतात.

"काका, हे नॉटिकल झालं. आपल्याला कोस्टल हवंय."

"फरक काय?"

"नॉटिकलमध्ये नांगर, सुकाणू, निळे-पांढरे पट्टे येतात. कोस्टलमध्ये समुद्र दाखवायचा नाही. फक्त जाणवला पाहिजे."

हे मात्र मला पटलं. आमच्या गावच्या घराची तीच पद्धत. आणि ते निळे-पांढरे पट्टे खरोखरच खलाशांचे. फ्रान्सच्या नौदलाने १८५८ साली खलाशांच्या बनियनवर एकवीस पांढरे पट्टे असावेत असा हुकूम काढला होता. पट्टे मोजून बनियन द्यायचा, हे वाचल्यापासून फ्रेंच सरकार मला आपल्यापैकी वाटू लागलं आहे. पण ते पट्टेही बाद झाले. त्यांच्यामागोमाग शोकेसमधली सावंतवाडीची लाकडी फळं बाद झाली. आंबा, केळी, सीताफळ, ती झळझळीत लाल-पिवळी. इतकी हुबेहूब की एका पाहुण्याने पेरू सोलायला सुरी मागितली होती. त्यांच्या जागी एका वाडग्यात करड्या रंगाचे सात दगड आले. 'कालनिर्णय' भिंतीवरून उतरलं आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला गेलं. आता संकष्टी कधी आहे हे बघायला कपाटात डोकं घालावं लागतं. आमचा लग्नातला फोटो 'फार रंगीत' म्हणून पासेजमध्ये गेला. तो कृष्णधवल आहे. बाईंचा रोख बहुधा माझ्या सफारीवर असावा.

शेड कार्ड उघडलं तेव्हा तर मी थक्क झालो. त्यात अकरा पांढरे होते. ओटमील, सँड, शेल, फॉग, ड्रिफ्टवुड, लिनन अशी त्यांची नावं. बाई एकेकावर बोट ठेवून विचारत, "हा थोडा वॉर्म नाही वाटत?" मला अकराही एकाच आईची लेकरं वाटत होती. सौ. मात्र चष्मा लावून पुढे सरसावली. तिने तो सगळा किनारा अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरात आणून ठेवला. "ही उकड्या तांदळाची पेज. ही त्याच पेजेची निवळ. हे नारळाचं पहिलं दूध, हे दुसरं. हे पाणी जास्त झालेलं ताक. आणि हा," शेवटच्या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा वाळका बोंबील."

डेकोरेटर बाईंनी 'पेज' हा शब्द टॅबमध्ये लिहून घेतला. मला वाटतं, येत्या वर्षात पुण्यातल्या दोन-चार श्रीमंत भिंती पेजेच्या होणार.

आमची भिंत बोंबलाची झाली. रंगारी चार दिवस काम करत होता. पाचव्या दिवशी त्याने ब्रश धुऊन ठेवले, हात पुसले आणि अदबीने विचारलं, "साब, प्राइमर का काम तो हो गया. अब कलर कौनसा लगाना है?" तो रंग दिलेलाच आहे आणि तोच ठेवायचा आहे हे त्याला पटवायला दोन चहा लागले. जाताना त्याने एक हजार कमी घेतले. अर्धवट कामाचे पूर्ण पैसे घेणं त्याच्या मनाला पटेना.

सामानाची खरेदी हा या प्रकरणातला सर्वांत रुचकर भाग. हॉलच्या मध्यभागी ज्यूटचा गालिचा आला, पाच बाय आठ फूट, साडेअकरा हजार रुपये. मी त्याच्यावर गुडघे टेकून वास घेतला. शंकाच नको. वाण्याच्या दुकानातल्या तांदळाच्या पोत्याचा वास. ज्यूट म्हणजे ताग, आणि जगातला बहुतेक ताग भारतात आणि बांगलादेशात पिकतो. आमच्या घरात त्याला गोणपाट म्हणतात आणि त्याची जागा न्हाणीघराच्या दाराबाहेर असते. पावसाळ्यात शाळेला जाताना त्याचीच खोळ करून आम्ही डोक्यावर घेत असू. साडेअकरा हजारांच्या गोणपाटाची खोळ केली तर माझ्या वर्गातले सगळे अडतीस जण कोरडे राहिले असते.

सोफ्याचं लिननही असंच घरचं निघालं. लिनन ज्या झाडाच्या धाग्यांचं करतात ते झाड जवसाचं. विदर्भातल्या आमच्या विहीणबाई जवसाची चटणी पाठवतात, ती भाकरीबरोबर खायची. आणि त्याच जवसाच्या युरोपातल्या चुलतभावावर आता आम्ही बसणार. लिननचा एक स्वभाव आहे, ते चुरगळतं. चुरगळलेलं असणं हीच त्याची शोभा. हे सौ.ला कोणी सांगितलं नाही. खोळी आल्या त्या दिवशी तिने सकाळी नऊ ते साडेबारा राबून सगळ्या इस्त्री केल्या, कडा मोडल्या, सोफा असा कडक केला की त्याच्यावर बसण्याऐवजी त्याला सलाम करावासा वाटावा. दुपारी डेकोरेटर बाई आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दोन्ही हातांनी सोफा चुरगळू लागल्या. सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीच्या साखरपुड्यातही आलं नव्हतं.

वेताची खुर्ची आली, तेव्हा माझा तळहात आपोआप पाठीमागे गेला. शाळेत वेताशी माझी ओळख वेगळ्या कारणाने झाली होती. कपाटावर पांढरं प्रवाळ आलं. मी घाबरलो, कारण आपल्याकडे प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पण ते रेझिनचं निघालं. त्याला हात लावला तर साबणदाणीसारखं वाटतं. आणि मग आलं ड्रिफ्टवुड, म्हणजे समुद्रातून वाहून आलेला ओंडक्याचा तुकडा. हातभर लांब, एका टोकाला वाळवीने खाल्लेला, किंमत चार हजार दोनशे. गावी पावसाळ्यात असली लाकडं किनाऱ्याला लागत. जो आधी गाठेल त्याचं. ती ओढत आणायची, वाळवायची आणि आंघोळीच्या पाण्याखाली घालायची. अंगात मुरलेल्या मिठामुळे त्यांची ज्वाळा अधूनमधून निळसर दिसे, ती बघत आम्ही पोरं थंडीत बसायचो. हिशेब केला तर लहानपणी मी रोज सकाळी साधारण आठ हजार रुपयांच्या कोस्टल पाण्याने आंघोळ केली आहे.

हॉल तयार झाला. पहिले आले ते समोरच्या ब्लॉकमधले काका. दार उघडं होतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खोळी, भिंतीवर एकही फोटो नाही, कोपऱ्यात मी एकटा ताठ बसलेला. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले, हळूच माझ्या शेजारी येऊन बसले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कधी झालं?"

"काल संध्याकाळी," मी म्हटलं. रंगाचं काम खरंच काल संध्याकाळी संपलं होतं.

"आजारी होत्या का बऱ्याच दिवस?"

पुढची पाच मिनिटं आम्ही दोघे वेगवेगळ्या विषयांवर अत्यंत आपुलकीने बोलत होतो. आतून सौ. चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा ते चटकन उठून उभे राहिले. मग त्यांना वाटलं, आईच गेली असावी. तेही नाही म्हटल्यावर त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण त्यांनी चहा घेतला. तोही उभ्याने, कारण तोवर सौ.ने 'बसा' म्हणणं बंद केलं होतं.

या सजावटीतला 'रिलॅक्स्ड' हा शब्द नेमका कोणासाठी आहे ते मला अजून सापडायचं आहे. सोफ्यावर चहा प्यायचा नाही. वर्तमानपत्र वाचायचं नाही, शाई लागते. जेवून आल्यावर तासभर टेकायचं नाही, हाताला हळद असते. हळदीचा डाग हा महाराष्ट्राचा खरा राज्यरंग. तो साबणाने जात नाही, उन्हाने जातो, आणि सोफा उन्हात टाकायचा म्हटलं तर गच्चीच्या चाव्या सेक्रेटरींकडे. केस धुतल्यावर सौ.ने मागे टेकायचं नाही, तेल उतरतं. आंबे आले की हॉलला कुलूपच. मी दिवसभर तिथे रिलॅक्स होण्याचा सराव करतो आणि दमलो की आत पलंगावर जाऊन पडतो. मळखाऊ सोफ्यावर अठरा वर्षांत मी काय काय सांडलं हे देवालाच ठाऊक, आणि त्यालाही दिसलं नसेल.

शिमगा उरकून आई आली. भाच्याने गाडीतून आणून सोडलं. बरोबर दोन पोती: एकात नारळ आणि आमसुलं, दुसऱ्याचं तोंड सुंभाने करकचून आवळलेलं. ती दारात थांबली. हॉलकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाबू," ती म्हणाली, "रंगारी पळान गेलो काय रे?"

मी म्हटलं, असाच रंग आहे आई, समुद्राकाठची फॅशन.

"खयच्या समुद्राची?"

मी अमेरिका म्हटलं. तिने मान डोलावली, जणू त्या देशाबद्दल बाकी जे ऐकलं होतं त्याच्याशी हे जुळत होतं. मग पोतं ओढत ती आत आली, खाली बघितलं, साडेअकरा हजारांवर दोन्ही पाय नीट, टाचांसकट पुसले, आणि पोतं त्याच्यावर ठेवलं. गोणपाटावर गोणपाट. पोतं कुठे संपतं आणि गालिचा कुठे सुरू होतो ते कळेना. मुलगी काहीतरी बोलणार होती, पण त्या दोन्हीचा रंग इतका जुळलेला बघून तीही गप्प बसली. डेकोरेटर बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, लेयरिंग.

ड्रिफ्टवुड बघून मात्र आईचा चेहरा खुलला. "ह्या बरा केलंस. गॅस संपलो तर होया."

संध्याकाळपर्यंत तिने सोफ्याची व्यवस्था लावली. पांढऱ्या खोळी मळतील म्हणून पेटीतून आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढून वर घातली. हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची, मध्येच माझ्या शाळेच्या चड्डीचं ठिगळ. खोळीवर खोळ. त्या रात्री किती तरी दिवसांनी आम्ही चौघं सोफ्यावर मांडी घालून बसलो आणि आमसुलाची कढी प्यायलो. डेकोरेटर बाई फोटो काढायला येतील तेव्हा गोधडी काढायची, त्या गेल्या की परत घालायची, असा तह झाला. पाहुणे आले तर काय हा मुद्दा राहिला; त्यावर आईचं म्हणणं, पाहुणो बघून ठरवूचा.

दुसऱ्या पोत्याचं तोंड तिने आम्हाला न विचारता सोडलं. मंगळवारी मुलगी हॉलमध्ये बसून तिकडच्या साहेबाशी व्हिडिओवर बोलत होती. मागे बोंबलाच्या रंगाची भिंत, वाडग्यात सात दगड, वेताची खुर्ची. साहेब खूश. "तुझ्या मागे बघून मला समुद्राचा वास आल्यासारखा वाटतोय," तो म्हणाला. मुलीने हसून आभार मानले आणि गॅलरीचं दार पायानेच लोटलं. गॅलरीत आईने वर्तमानपत्रावर सुकट आणि सोडे ऊन दाखवायला पसरले होते. स्वतः स्टुलावर बसून कोथरूडच्या कावळ्यांना मालवणी शिकवत होती.

घंटी वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी. नाकाला रुमाल. "कसला तरी वास येतोय तुमच्याकडून. तीन मजल्यांवरून तक्रार आहे."

मी शब्द शोधत होतो. मुलगी कानातला फोन न काढताच मागे वळली आणि म्हणाली, "काका, कोस्टल आहे."

सेक्रेटरींनी रुमालाआडून हॉलवर नजर फिरवली, भिंतींवर, गोधडीवर, दगडांवर. काहीतरी समजल्यासारखी मान हलवली आणि ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गॅलरीत कोणत्याही प्रकारच्या कोस्टल वस्तू वाळत घालू नयेत.'

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा त्याखाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं, 'घातल्यास प्रत्येक मजल्यावर एकेक मूठ द्यावी.'